नवी पुस्तके कशाला, असे तुम्ही विचारलेत म्हणून

"शाळेत आहेत ती पुस्तके तरी कोण वाचते? मग तुम्ही आणखी नवी शोधत का हिंडता?" हा प्रश्न मला शिक्षकदालनात विचारला जातो, पालकसभा संपल्यावर विचारला जातो आणि नातेवाइकांच्या लग्नातही, मी कापडी पिशवीत पुस्तके घेऊन आलेली दिसले की, विचारला जातो. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात वाईट काही नसते, हे मला ठाऊक आहे. परंतु तोंडी दिलेले उत्तर दरवेळी अर्ध्यावर राहते, कारण ऐकणाऱ्याला एक वाक्य हवे असते आणि माझ्याजवळ एका वाक्याचे उत्तर नाही. म्हणून हे लिहीत आहे.

प्रश्नाचा पहिला भाग मला मुळातच मान्य नाही. आहेत ती पुस्तके मुले वाचत नाहीत, कारण त्यांतली बरीचशी मुलांसाठी निवडलेलीच नव्हती. सातारा जिल्ह्यातल्या ज्या शाळेत मी ग्रंथपाल आहे, तिथे मी रुजू झाले तेव्हा 920 या वर्गांकाच्या, म्हणजे विषयवार क्रमांकाच्या, फळीवर चरित्रे दाटीवाटीने उभी होती आणि त्यांत त्याच सात-आठ थोर व्यक्तींची तीच चरित्रे वेगवेगळ्या मुखपृष्ठांनी पुन्हा पुन्हा येत होती. 891.46, म्हणजे मराठी साहित्याच्या फळीवर कादंबऱ्या होत्या, पण त्या शिक्षकांनी स्वतःसाठी मागवलेल्या. प्राण्यांची, यंत्रांची, आकाशाची पुस्तके एका कोपऱ्यात मावतील इतकीच होती. दहा-बारा वर्षांच्या मुलाने अशा कपाटापुढे उभे राहून काहीही न घेता परत जावे, यावरून त्याला वाचनाची आवड नाही असा निष्कर्ष काढणे मला अन्यायाचे वाटते. त्याच्यापुढे अजून त्याचे पुस्तक आलेले नाही, एवढेच म्हणता येईल.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, ते आम्हा सर्वांना अभ्यासक्रमात पाठ करावे लागतात. 'प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक' आणि 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक' हे दोन नियम मी परीक्षेत लिहिले तेव्हा ते मला सुभाषितासारखे वाटले होते. पहिल्या काही वर्षांत मी त्यांच्याकडे फारसे लक्षही दिले नाही. तेव्हाची मी दाखल नोंदवहीची रक्षक होते. प्रत्येक पुस्तकावर दाखल क्रमांक, शीर्षकाच्या पानावर आणि ठरलेल्या आतल्या पानावर शिक्का, मागे परतीच्या तारखा टाकायची तारीखचिठ्ठी, फळीवर डांबराच्या गोळ्या आणि वर्षअखेरीच्या पडताळणीत एकही पुस्तक गहाळ नाही, यात मला अभिमान वाटे. तो अभिमान खोटा नव्हता. कसर आणि वाळवी यांच्यापासून पुस्तके वाचवणारे कोणीतरी लागतेच. पण त्या काळात मी नवे पुस्तक शोधायला म्हणून कधी बाहेर पडले नाही, कारण ते माझ्या कामात मोडते असे मला कोणी सांगितले नव्हते आणि मलाही वाटले नव्हते.

ते वाटायला लागले एका सहावीतल्या मुलामुळे, आणि त्याच्याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे.

त्याचे वडील एस. टी.त चालक होते. पावसाळा सरत आला की शाळेच्या कुंपणालगतच्या गवतात मोठी गोल जाळी दिसू लागतात, त्यांच्या मध्यभागी पिवळ्या पट्ट्यांचा कोळी पायांच्या जोड्या जुळवून बसलेला असतो आणि जाळ्यात पांढऱ्या धाग्याची नागमोडी फुली विणलेली असते. हा मुलगा मधल्या सुट्टीत तिथे बसून असे. एके दिवशी तो ग्रंथालयाच्या दाराशी आला आणि त्याने विचारले, "बाई, कोळी जाळ्यात फुली कशाला काढतो?" मला उत्तर येत नव्हते. मी मराठी विश्वकोशाचा खंड काढून दिला. त्यातली कोळ्यांवरची नोंद मोठ्यांसाठी लिहिलेली, दाट अक्षरातली. तो बोट ठेवून ती वाचत राहिला आणि तास झाला तेव्हा म्हणाला, "यात चित्रं कमी आहेत, पण कोळी किडा नसतो हे बरोबर लिहिलंय."

मी माझ्या फळीवर पाहिले. 595.44 या वर्गांकाखाली, जिथे कोळ्यांची पुस्तके यायला हवीत, काहीच नव्हते. मी त्याला म्हणाले की मी शोधते. त्या वाक्याने माझे काम बदलले. दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याला अप्पा बळवंत चौकात गेले आणि दुकानांमध्ये उभ्याउभ्या मुलांची पुस्तके वाचू लागले. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालिकेतली पातळ पुस्तके, भोपाळच्या एकलव्य संस्थेची हिंदी पुस्तके, ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रमय पुस्तके, असे कितीतरी मी त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतले. इतकी वर्षे ग्रंथपाल असूनही हे सारे माझ्यापर्यंत पोचले नव्हते, कारण आमच्याकडे पुस्तके पुरवठादाराच्या यादीतून येत आणि त्या यादीत ही नसत. दुकानातल्या माणसाने मला स्टूल दिले. मी संध्याकाळपर्यंत तिथे होते आणि मला तहानभुकेची आठवण झाली नाही. कोळ्यांचे पुस्तकही मिळाले, रंगीत, सोप्या भाषेतले. त्यात फुलीविषयी एक पूर्ण पान होते आणि तिथे लिहिले होते की ती फुली कशासाठी असते यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. ती भक्ष्याला आकर्षित करते असे काही मानतात, पक्ष्यांना जाळे दिसावे म्हणून असते असे काहींना वाटते, तर काहींच्या मते कोळी तिच्याआड लपतो. म्हणजे ज्या प्रश्नाचे उत्तर मला आले नव्हते, तो प्रश्न खरोखरच उघडा होता.

मी तेव्हाच ते विकत घ्यायला हवे होते, असे हे वाचणाऱ्या कोणाला वाटेल. पण शाळेसाठी पुस्तक घ्यायचे तर ते शाळेच्या पैशातून, यादी करून, मंजुरी घेऊन घ्यायचे, हीच रीत मला योग्य वाटत होती आणि आजही ती अयोग्य वाटत नाही. परत आल्यावर मी यादी केली. मुलांना विचारून केली. कोणी विहिरींविषयी मागितले, कोणी भुतांच्या गोष्टी, एका मुलीला शिवणकामाचे हवे होते. प्रत्येक पुस्तकापुढे प्रकाशक आणि किंमत लिहिली. यादी वरिष्ठांकडे दिली आणि त्या मुलाला सांगितले की मार्चमध्ये पुस्तक येईल.

वेतनेतर अनुदान, म्हणजे पगाराखेरीजच्या खर्चासाठी शाळेला मिळणारे पैसे, आले ते मार्चच्या अखेरीस. 31 तारखेच्या आत खर्च करून बिले जोडायची होती. ज्यांनी निर्णय घेतला त्यांच्यावर हिशेबाचे दडपण होते, हे मी तेव्हाही जाणत होते. वेगवेगळ्या प्रकाशकांकडून थोडी थोडी पुस्तके मागवायला वेळ नव्हता आणि एकच पुरवठादार दोन दिवसांत सगळी रक्कम भरेल इतकी पुस्तके द्यायला तयार होता, शिवाय सवलतीसह. खोके आले तेव्हा मी काही बोलण्याआधीच तो मुलगा धावत आला. त्यानेच दोन खोके व्हरांड्यातून आत आणले. त्यानेच सुतळी सोडवली. मी दाखल नोंदवही उघडून बसले होते आणि तो एकेक पुस्तक काढून, मुखपृष्ठ पाहून, माझ्यापुढे ठेवत होता. संस्कारकथांच्या एकाच पुस्तकाच्या वीस प्रती निघाल्या. मग व्यक्तिमत्त्वविकासाची, मग सामान्यज्ञानाच्या प्रश्नोत्तरांची, मग पुन्हा तीच चरित्रे. पहिला खोका संपला तेव्हा तो काही बोलला नाही. दुसरा अर्धा झाला तेव्हा त्याचा वेग वाढला, मुखपृष्ठ पुरते न पाहताच तो पुस्तके बाहेर काढू लागला. शेवटी रिकाम्या खोक्यात हात घालून त्याने तळ चाचपला आणि मला विचारले, "बाई, अजून एक खोका यायचाय का?"

मी नाही म्हणाले. तो उठला, सुतळीची गुंडाळी केली, ती टेबलावर ठेवली आणि वर्गात गेला. त्या दुपारी मी त्या सगळ्या पुस्तकांची नोंद केली: तारीख, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, किंमत, बिल क्रमांक. अक्षर सुवाच्य काढले. एवढे निरुपयोगी काम मी त्यापूर्वी कधी केले नव्हते.

मे महिन्यात मी स्वतःच्या पैशाने ते पुस्तक आणले. जूनमध्ये शाळा उघडली, पण त्याच्या वडिलांची दुसऱ्या आगारात बदली झाल्याने त्याचा दाखला आधीच निघाला होता. तुम्ही विचाराल म्हणून सांगते: हो, मी त्याच्या नव्या शाळेच्या पत्त्यावर आणखी एक प्रत पाठवली. ती त्याला मिळाली की नाही, ते मला कळले नाही.

नवी पुस्तके शोधत मी का हिंडते, याचे निम्मे उत्तर हे आहे. मूल मागते त्या दिवशी पुस्तक फळीवर असायला हवे. मागणी आल्यावर यादी, यादीनंतर मंजुरी, मंजुरीनंतर मार्च, एवढ्या काळात मूल निघून जाते. म्हणून मी आधीच पाहून ठेवते, वहीत लिहून ठेवते, गावातल्या सार्वजनिक वाचनालयातून माझ्या नावावर आणते. वाढदिवसाला चॉकलेटऐवजी पुस्तक देण्याची प्रथा आमच्याकडे सुरू झाली, तेव्हा पालकांना मीच चिठ्ठीवर तीन-चार नावे लिहून देऊ लागले.

उरलेले निम्मे उत्तर कमी परोपकारी आहे, आणि तेही सांगितलेच पाहिजे. मला त्यात फार आनंद होतो. कोऱ्या पुस्तकाचे पहिले पान मुलाआधी मी वाचलेले असते, हा माझ्या नोकरीचा सगळ्यात मोठा लाभ आहे. नवे म्हणजे कालच छापलेले, असेही नाही. माळ्यावर दोरीने बांधून ठेवलेले 'किशोर'चे जुने अंक एका उन्हाळ्यात मी खाली काढले. बालभारतीने हे मासिक 1971 मध्ये सुरू केले आणि आमच्याकडचे काही अंक माझ्या स्वतःच्या शाळेच्या वर्षांतले होते. ते माझ्या शाळेत तेव्हा येत नसावेत, कारण मी त्यातले एकही पान आधी पाहिलेले नव्हते. मी जमिनीवर बसून वाचत राहिले. जूनमध्ये शाळा उघडल्यावर ते अंक मुलांपुढे ठेवले, तर मुलांनी आधी त्यातली जुनी कोडी सोडवली आणि पेन्सिलीने उत्तरे लिहून ठेवलेल्या कोणा अनोळखी विद्यार्थ्याच्या चुका काढल्या. तसाच दुसरा दिवस भिलारचा. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्यामधले हे स्ट्रॉबेरीचे गाव 2017 मध्ये पुस्तकांचे गाव झाले आणि तिथे लोकांच्या घरांत पुस्तके वाचायला ठेवलेली असतात. आम्ही सातवीच्या मुलांना घेऊन गेलो. बसमध्ये ज्यांनी पुस्तकांच्या गावात काय पाहायचे म्हणून तोंडे वाकडी केली होती, त्यांतला एकजण एका घराच्या ओसरीवर पालथा पडून वाचत होता आणि निघायची वेळ झाली तेव्हा त्याने घरातल्या आजींना विचारले की उरलेली पाने वाचायला पुढच्या रविवारी आलो तर चालेल का. आजी चालेल म्हणाल्या. मी मात्र त्या पुस्तकाचे नाव वहीत लिहून घेतले होते.

माझ्यातली जुनी ग्रंथपाल या सगळ्यावर एक आक्षेप घेते आणि तो मला अजून खोडता आलेला नाही. ती म्हणते, एका मुलासाठी एक पुस्तक, अशाने शाळा चालते का? अनुदान तुटपुंजे, मुले शेकड्यांनी, कोळ्यांचे पुस्तक किती जण वाचणार? वीस प्रतींचा गठ्ठा निदान वर्गात वाटून एकत्र वाचता येतो. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. कोळ्यांच्या त्या पुस्तकाची तारीखचिठ्ठी पुढे भरली, पण शिवणकामाचे पुस्तक त्या एका मुलीनंतर जवळपास कोणी नेले नाही. ते पैसे वाया गेले का, याचा हिशेब मला मांडता येत नाही. ज्या मुलीने ते नेले तिच्या दृष्टीने विचारले तर उत्तर एक येते आणि लेखापरीक्षकाच्या दृष्टीने विचारले तर दुसरे.

अलीकडे एका आठवीतल्या मुलीने मला याहून अवघड प्रश्न विचारला. मी तिला नुकतीच मिळालेली एक कादंबरी फार उत्साहाने दाखवत होते. ती म्हणाली, "बाई, तुम्हाला आवडलंय म्हणून मला आवडायलाच पाहिजे का?" आणि तिने ती परत ठेवून पाककृतींचे पुस्तक घेतले. तिचे बरोबर होते. माझा आनंद मुलांवर भार होऊ नये म्हणून त्यानंतर मी असे ठरवले की पुस्तक फळीवर ठेवायचे, आपले मत सांगायचे नाही, मूल वाचून आले की मग बोलायचे. हा नियम मला पाळता येत नाही. नवे पुस्तक वाचून झाले की ते मला कोणाला तरी सांगावेच लागते, आणि मधल्या सुट्टीत सर्वांत आधी दाराशी येतात ती मुलेच असतात.