पाय टेकवायचा नाही

सायकलवरून पक्षी-प्राणी बघायचे तर एक पथ्य पाळावं लागतं. पाय जमिनीला टेकवायचा नाही. मुठेच्या काठाला जलपर्णीवर बसलेला वंचक बगळा चालत्या सायकलला काडीची किंमत देत नाही. मातकट अंग चोरून, मान आखडून बसलेला असतो; शेजारून गेलात तरी ढिम्म. ब्रेक लावून पाय टेकवला की मात्र उडालाच, आणि उडताना आतले पांढरेशुभ्र पंख असे उघडतो की हा तोच का, अशी शंका यावी. थांबलं तर तो पळतो, न थांबावं तर धड दिसत नाही. पुण्यात सकाळी सायकल काढणाऱ्यांची ही कायमची पंचाईत.

घारींचं तसं नाही. हवा तापून वर चढायला लागेपर्यंत त्यांना गिरक्या घेणं परवडत नाही, म्हणून मटणाच्या दुकानाजवळच्या खांबांवर त्या बँक उघडायची वाट बघणाऱ्या पेन्शनरांसारख्या बसलेल्या असतात. थंडीत वेडे राघूही तारेवर अंग फुगवून एकमेकांना खेटून बसतात. ऊन आलं की ओळ मोडते आणि शिकार सुरू. मधमाशी सापडली की तिला आधी तारेवर आपटायचं, मग घासून घासून नांगीचा निकाल लावायचा, आणि मगच गिळायचं. एवढ्या सकाळी इतका नीटनेटका नाश्ता आमच्या घरात कोणी करत नाही.

हिवाळ्यात येरवड्याच्या पुलावर मात्र पथ्य मोडतंच. खाली काळं पाणी, त्यात गुलाबी, काटकुळ्या पायांवर उभे शेकाटे. सांडपाण्याच्या गाळात किड्या-अळ्यांची चंगळ असते, तीच त्यांना मानवते. त्यामुळे थवा मोठा दिसला की आनंदही पुरता होत नाही. तेवढ्यात मागे एक स्कूटर थांबते.

“काय झालं हो? कोणी उडी मारली का?”

“नाही, शेकाटे आहेत.”

“कुठले शेकटे?” तोवर आणखी दोघं कठड्याशी आलेले असतात. “हात्तिच्या! बगळे होय!” असं म्हणून मंडळी खट्टू होऊन निघून जातात.

बगळे होते म्हणून बरं. ९ डिसेंबर २०२० ला कोथरूडच्या सोसायट्यांमध्ये रानगवा शिरला, तेव्हा कोणीच खट्टू होऊन निघून गेलं नाही. अख्खी गर्दी त्याच्या मागे धावली. त्याला बेशुद्ध करून पकडलं खरं, पण त्याच दिवशी तो गेला. त्याच्या वाट्याला न थांबता पुढे जाणारं कोणी आलं असतं तर!

मुंगूस आपल्याला बघायची संधीच देत नाही. कॅम्पातल्या एखाद्या जुन्या बंगल्याच्या कुंपणाखालून निघतं, शेपूट सरळ ठेवून रस्ता पार करतं, पलीकडच्या गटारात गडप. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत कार्यक्रम आटोपलेला. असल्या अर्धवट दर्शनांसाठी मी एक वही ठेवली आहे. “बहुतेक शिक्रा.” “बहुतेक मुंगूस, नाहीतर मोठी घूस.” एका पहाटे चक्क “बहुतेक उदमांजर”. पक्ष्यांमधले जाणकार मित्र ही वही बघून हात जोडतात आणि दुर्बीण घे म्हणतात. दुर्बीण डोळ्याला लावून हँडल कसं धरायचं, ते मात्र कोणी सांगत नाही.