६५ अंश, ३० मिनिटे आणि बर्फाची अर्धी लादी

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी झेडएसएम-५ हे झिओलाइट, म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनच्या चौकटीचा सूक्ष्मछिद्री स्फटिक, निवडले, तेव्हा काम सोपे वाटले होते. या स्फटिकातील वाहिन्या जेमतेम ०.५५ नॅनोमीटर रुंद असल्याने मेसिटिलीनसारखा जाड रेणू आत शिरूच शकत नाही आणि आतल्या आम्लधर्मी जागा, म्हणजे उत्प्रेरकाचे खरे भांडवल, पडून राहते. त्यावर उपाय असा की, अल्कलीने चौकटीतले थोडे सिलिकॉन विरघळवून स्फटिकातच मोठ्या पोकळ्या कोरायच्या.

०.२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, ६५ अंश सेल्सिअस, ३० मिनिटे आणि लगेच बर्फात बुडवणे, एवढीच कृती. नागपुरात मे महिन्यात हे ‘लगेच’ फार महाग पडते. विभागातल्या फ्रिजचा बर्फ फ्लास्क ठेवताच वितळला, मिश्रण कोमटच राहिले, आणि गाळताना बुकनर फनेलमध्ये पांढरी साय घट्ट बसून पाणी खाली उतरेना. त्या पाऊण तासात अल्कलीचे काम मात्र चालूच होते. वाळवून वजन केले, तर निम्माही माल उरला नव्हता.

सर एवढेच म्हणाले, “छिद्रे पाडायची होती, खडा विरघळवायचा नव्हता.”

चूक केवळ बर्फाची नव्हती. चौकटीतील ॲल्युमिनियमभोवतीचा ऋणभार हायड्रॉक्साइडला दूर ठेवतो आणि शेजारच्या सिलिकॉनचे रक्षण करतो. माझ्या नमुन्यात मात्र एका ॲल्युमिनियममागे सुमारे १०० सिलिकॉन होते, म्हणजे राखणदारच कमी. दुसऱ्या खेपेला मी हे प्रमाण ३० च्या आसपास असलेला नमुना घेतला, फाटकाबाहेरच्या रसवंतीवाल्या काकांकडून बर्फाची अर्धी लादी गोणपाटात गुंडाळून आणली आणि गाळण्याऐवजी सेंट्रिफ्यूज वापरले. सगळे एकदम बदलणे शास्त्रशुद्ध नव्हते, हे मला मान्य आहे. पण सत्र संपत आले होते.

पुढे सोडियम काढून आम्लधर्मी जागा परत मिळवण्यासाठी अमोनियम नायट्रेटने आयन-विनिमय केला आणि ५५० अंशांवर भाजणी झाली. उणे १९६ अंशांवर घेतलेल्या नायट्रोजन-शोषणाच्या आलेखात शोषणाची आणि निःशोषणाची रेषा एकमेकींपासून सुटलेल्या दिसल्या, तेव्हा पोकळ्या झाल्याची खात्री पटली. मेसिटिलीन आणि बेंझिल अल्कोहोलच्या विक्रियेत मूळ नमुना जवळपास निष्क्रिय होता. नव्या नमुन्याने मात्र विश्लेषणाच्या आलेखात उत्पादिताचे स्पष्ट शिखर दिले. मूळच्या सूक्ष्म छिद्रांचे आकारमान थोडे घटले होते. तो तोटा मी प्रकल्प-अहवालात स्वतंत्रपणे नोंदवला.