आमची वाटचाल: ‘उद्या येतो’च्या पुढे

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं, तेव्हा आमच्या घरचं बाथरूम अर्धवट पडलेलं होतं. मिस्त्री उचल घेऊन गेला होता. फोन केला की एकच उत्तर, “उद्या येतो.” पाण्याअभावी कामं अडली होती, हे आम्हालाही दिसत होतं. पण तो पुण्याला गेलाय हे दीड महिन्यानं दुसऱ्याच कोणाकडून कळलं. तोवर आई शेजाऱ्यांकडे आंघोळीला जायची. तिचा तो संकोच मी विसरलेलो नाही.

मी आयटीआय झालेला वायरमन. ज्या घरी बोर्ड बसवायला जाईन तिथं विचारणा व्हायची, “दादा, एखादा चांगला प्लंबर आहे का ओळखीचा?” नावं सांगायचो आणि मग तक्रारीही माझ्याकडेच यायच्या. म्हणून वही घातली: कोणाला कुठं पाठवलं, काम किती दिवस चाललं, त्या घरानं त्याला परत बोलावलं का. प्लंबर, फरशीवाले, रंगारी अशी माणसं एकत्र आणून घरांची कामं करणारी आमची फर्म त्या वहीतून उभी राहिली.

आधी वाटायचं, माणसंच बेभरवशाची. मिस्त्री लोकांसोबत बसल्यावर दुसरी बाजू कळली. एका घरचं काम आठ दिवसांचं, पुढचं कधी मिळेल ठाऊक नाही. म्हणून तो चार घरी उचल घेतो आणि चारही घरं अडकतात. हाताखालचे बिगारी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, मृग लागला की पेरणीला गावाकडं. यात लबाडी कमी आणि पोटाची काळजी जास्त आहे, असं माझं मत झालं.

मग आम्ही उचल बंद केली आणि महिन्याला ठरावीक दिवसांची मजुरी पक्की केली. काम असो वा नसो, दर शनिवारी पैसे हातात. पहिलं वर्ष कर्जात गेलं, पण माणसं टिकली. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. त्यासाठी ही माणसं ठेकेदारांच्या मागे फिरायची. आता तो आम्ही स्वतः देतो.

सगळ्यात जास्त शिकवलं ते गळतीनं. खालच्या खोलीच्या छताला ओल आली की प्लंबर म्हणतो फरशीवाल्यानं पाइप हलवला, फरशीवाला म्हणतो जोडच कच्चा होता. दोघंही निघून जातात आणि घरवाला पुन्हा फरशी फोडतो. पुष्कळदा दोष निघतो नहाणी ट्रॅपच्या (बाथरूमच्या फरशीतलं पाणी वाहून जाणाऱ्या जाळीखालच्या भांड्याच्या) भोवती, जिथं एकाचं काम संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं. म्हणून आमच्याकडे दोघांनी एकत्र उभं राहून पाइपला प्रेशर लावून बघायचं, वॉटरप्रूफिंगनंतर ४८ तास पाणी तुंबवून ठेवायचं, भिंत बुजवण्याआधी पाइपांचे फोटो काढून घरमालकाला द्यायचे. एवढं होईपर्यंत फरशीला हात लावायचा नाही. “दोन दिवस वाया घालवता,” असं म्हणणारे भेटतात. त्यांचं काम आम्ही घेत नाही.

एप्रिल-मे मध्ये पाणी मारायला टँकरची सोय नसेल, तर प्लास्टरचं कामही घेत नाही. काळ्या मातीवरच्या घराच्या भिंतीला तडे गेले असतील, तर रंगाऱ्याच्या आधी पाया बघायला माणूस पाठवतो. तड्यांत नुसती लांबी (पुट्टी) भरून पैसे घ्यायला मन धजत नाही.

सुतारकामात मात्र आम्ही अजून कमी पडतो. भरवशाचा एकच सुतार आहे आणि त्याच्याकडे गणपतीपर्यंतची कामं आहेत. तोवर नव्या दारा-खिडक्यांसाठी कोणी आलं तर तारीख न देता सरळ नाही म्हणतो.