पाण्यातलं काम आणि परमिटचा कागद

आम्ही ढिवर, मासेमारी करणारे. गाव भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठावर. नदीत कोणी बुडालं की पोलीस पाटील आधी आमच्या दारात येतात. माझ्या धाकट्या भावाने सतराव्या वर्षी पहिलं प्रेत काढलं. गढूळ पाण्यात डोळे उघडून उपयोग नसतो, हातानेच चाचपडावं लागतं. २०१६ साली तो अंदमानात हॅवलॉक बेटावर स्कूबाच्या, म्हणजे हवेचं सिलिंडर पाठीला लावून पाण्याखाली नेणाऱ्या दुकानात सिलिंडर उचलायला लागला. पहिल्यांदा समुद्रात उतरला त्या रात्री त्याचा फोन आला, "दादा, पान्यात आपले पाय दिसते!"

तिथे शिकवणाऱ्यांत बाहेरदेशचे पुष्कळ. पण टुरिस्ट व्हिसावर भारतात नोकरी करता येत नाही. ज्या कामाला इथेच शिकलेली माणसं भरपूर मिळतात, त्यासाठी एम्प्लॉयमेंट व्हिसा देत नाहीत. शिवाय तेव्हा वर्षाला २५,००० डॉलरच्या वर पगाराची अट होती. मालकाला ते परवडेना, म्हणून त्याने हाताखालच्या पोरांना शिकवायला घेतलं. भाऊ डाइव्हमास्टर, म्हणजे पाण्याखाली पाहुण्यांना फिरवणारा, झाला तो असा. त्यासाठी ६० डाइव्हची (बुड्यांची) नोंद लागते. त्याची ती वही खाऱ्या पाण्याने फुगली आहे, पण एकही पान फाटलेलं नाही.

मग थायलंडच्या एका दुकानाने बोलावलं. म्हणाले, टुरिस्ट व्हिसावर ये, कामाचं परमिट मागाहून करू. तिथे सर्वसाधारण नियम असा की एका परदेशी माणसाच्या परमिटमागे चार थाई माणसं कामावर हवीत. गाईडचं काम तर थाई लोकांनाच राखीव. परमिटशिवाय सापडलं तर ५,००० ते ५०,००० बाट दंड आणि परत पाठवणी. भाऊ गेला नाही, पण लय चिडला. "त्याहीले जर्मन येते, रशियन येते म्हनून दुकानवाले त्याहीचं परमिट काढते. मले पानी येते, त्याचं काईच नाही काय?"

मी त्याला आपल्या मामा तलावाची, म्हणजे गावच्या माजी मालगुजारी तलावाची, आठवण दिली. एका वर्षी बाहेरच्या ठेकेदाराने आमच्या मच्छीमार सोसायटीच्या नावावर मासेमारीचा ठेका चालवला. जाळं त्याचं, माणसं त्याची. आमच्या बाया रिकामी टोपली घेऊन बांधावर उभ्या होत्या. तेव्हा आम्हीच तहसीलला जाऊन बसलो होतो ना? थायलंडच्या कोळ्याच्या पोरालाही आपलं पाणी आपलं वाटत असेल. भाऊ बराच वेळ बोलला नाही.

आधी स्थानिकाला काम, हा नियम मला पटतो. मात्र नुसत्या नियमाने स्थानिक पोराला काम मिळत नाही. हॅवलॉकच्या त्या मालकाने शिकवलं नसतं तर भाऊ आजही सिलिंडरच उचलत असता. आमच्या पोरांची वाट अडते ती कोर्सच्या फीपाशी आणि इंग्रजी पुस्तकापाशी.

या उन्हाळ्यात भाऊ घरी होता. तलावात दोन पोरांना नाक दाबून कान मोकळे करायला शिकवत होता. दिवाळीनंतर त्यांना तारकर्लीला एमटीडीसीच्या (राज्य पर्यटन महामंडळाच्या) स्कूबा केंद्रात न्यायचं आहे. फीसाठी सोसायटीकडे उचल मागितली आहे. पुढच्या सभेत विषय येणार आहे.