कोण कोणाला सोडतो

रविवारी सकाळचा सराव पावसाने गेला. आमचं मैदान सिमेंटचं. ओल्यावर मुलांना पळवायचं म्हणजे एखाद्याचा घोटा गेलाच. म्हणून सोळा वर्षांखालच्या बास्केटबॉल संघातली चौदा मुलं वर्गात बसवली आणि भिंतीवर दोन सामन्यांचे तुकडे लावले. दोन्हींत स्टीव्ह कर आहे. पहिल्यात खेळाडू, दुसऱ्यात प्रशिक्षक.

पहिला तुकडा १३ जून १९९७चा. एनबीए या अमेरिकन व्यावसायिक लीगच्या फायनलचा सहावा सामना, शिकागो विरुद्ध युटा, ८६-८६, शेवटचे काही सेकंद. आवाज बंद केला आणि मुलांना सांगितलं, "बॉलकडे बघायचं नाही, युटाच्या स्टॉकटनकडे बघा." पहिल्यांदा सगळ्यांचे डोळे शिकागोच्या मायकल जॉर्डनकडेच गेले. चौथ्यांदा लावल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, त्यानं आपला माणूस सोडला!"

तेच दाखवायचं होतं. स्टॉकटन जॉर्डनवर डबलला गेला, म्हणजे त्याला अडवणारा दुसरा बचावपटू झाला, आणि त्याचा माणूस, जॉर्डनचाच सहकारी स्टीव्ह, मोकळा राहिला. हे होणार, हे टाइमआउटमध्येच जॉर्डन आणि स्टीव्हने बोलून ठेवलं होतं. तीन गुणांच्या शॉटची कारकिर्दीतली टक्केवारी ४५.४, आजही एनबीएत सर्वोच्च, आणि तरी हा माणूस त्या क्षणी तीनच्या रेषेवर थांबला नाही. फ्री थ्रोच्या रेषेजवळ, पास देणाऱ्याला दिसेल अशा जागी आला. बॉल हातात यायच्या आधी गुडघे वाकलेले, पंजे छातीसमोर उघडे. शॉट आत, ८८-८६. आमची मुलं नेमकी इथेच चुकतात. पास येताना सरळ उभी असतात, बॉल आला की मग वाकतात. तेवढ्या वेळात सोडून गेलेला बचावपटू परत येऊन हात वर करतो.

एक गोष्ट मुलांना प्रामाणिकपणे सांगावी लागते. १९९४-९५ मध्ये त्याची टक्केवारी ५२.४ होती, पण त्या वर्षांत एनबीएने तीनची रेषा जवळ आणली होती, सगळीकडून ६.७१ मीटर. आपली ६.७५ आहे. म्हणजे तो आपल्याच अंतरावरून मारत होता. हा आकडा छोटा होत नाही, उलट मुलांना तो आपल्या आवाक्यातला वाटतो.

दुसरा तुकडा ११ जून २०१५, क्लीव्हलंड. फायनलच्या मालिकेत गोल्डन स्टेट १-२ ने मागे, तिथे स्टीव्हचं प्रशिक्षक म्हणून पहिलंच वर्ष. अडचण अशी की त्यांचा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, बोगट रिंगपासून लांबून मारत नव्हता. त्याच्यावरचा क्लीव्हलंडचा मोझगोव त्याला खुशाल सोडून रिंगखाली उभा राहायचा, आणि कोणी कट मारून आत गेलं की पुढे सात फुटी भिंत. निक यूरेन या तरुण सहायकाने आदल्या वर्षीच्या फायनलचं रेकॉर्डिंग बघून सुचवलं की सॅन अँटोनियोने उंच स्प्लिटरच्या जागी कमी उंचीच्या डिऑला उतरवलं होतं, तसं करू. स्टीव्हने बोगटला बसवलं आणि त्या मोसमात एकही सामना सुरुवातीपासून न खेळलेल्या इग्वोडालाला सुरुवातीच्या पाचात घेतलं. सेंटरला ड्रेमंड ग्रीन.

सुरुवातीलाच ०-७. इथे तुकडा थांबवून विचारलं, "तुम्ही काय केलं असतं?" अकरा हात बोगटला परत आणण्याच्या बाजूने. मी पंचवीस वर्षांचा असतो तर माझाही हात वर गेला असता. स्टीव्हने टाइमआउट घेतला, पण डाव बदलला नाही. रिंगखालची भिंत बाहेर ओढायची तर उंची सोडावी लागते, आणि त्याची किंमत मोजलीच: मोझगोवने २८ गुण केले. पण बाहेर मोकळा ठेवलेल्या इग्वोडालाने २२ केले, आणि सामना १०३-८२ असा जिंकला. पुढच्या सामन्यात क्लीव्हलंडनेच मोझगोवला फारसं खेळवलं नाही. मालिका ४-२, इग्वोडाला फायनलचा सर्वोत्तम खेळाडू.

मग आमच्या सेंटरने विचारलं. सहा फूट एक इंच, सकाळपासून गप्प होता. "सर, बोगटचं काय चुकलं?"

काहीच चुकलं नाही, असं सांगितलं. त्याच्यामुळेच तो संघ त्या मोसमात ६७ सामने जिंकला होता. आणि त्याला बसवणारा स्टीव्ह स्वतः एनबीएत ९१० सामने खेळला, त्यातले सुरुवातीपासून फक्त ३०. बाकावर बसून समोर काय दिसतं, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. मुलगा मान हलवत राहिला, पण पटलेलं दिसलं नाही. त्याच्या वयात पटतही नाही.

पाऊस थांबला तरी मैदान ओलंच होतं. व्हरांड्यात तीन विरुद्ध दोन लावलं, ड्रिबल बंद, शॉट नाही. बचावपटूने आपला माणूस सोडला की ज्याला सोडलं त्याने "मी" ओरडायचं आणि वाकलेल्या गुडघ्यांनीच बॉल घ्यायचा. गुडघे सरळ दिसले की बॉल बचावाकडे. दहा-दहाच्या चार फेऱ्या. पहिल्या फेरीत दहापैकी सात वेळा बॉल गेला. चौथ्या फेरीत तीन वेळा, आणि "मी" सगळ्यात आधी ओरडत होता तो सेंटर.