चावडीवरचे दोन आकडे

लंडन, शनिवार, १५ फेब्रुवारी २००३, रात्र

पाय अजून ठणकताहेत. दुपारी एम्बँकमेंटला इराकवरच्या युद्धाविरुद्धच्या मोर्चाच्या गर्दीत शिरलो, हाइड पार्कला पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. चाललो असंही म्हणता येत नाही. लोणंदला माउलींची पालखी येते त्या दिवशी गर्दीच माणसाला पुढं नेते, तसं झालं. पिकॅडिलीला गॉवर स्ट्रीटकडून आलेला दुसरा मोर्चा येऊन मिळाला आणि मग मागंपुढं नुसती डोकीच. बाबागाडीतली पोरं, काठी टेकत चाललेल्या आज्या, मशिदींतून जथ्यानं आलेले लोक, कॉलेजची मुलं. शेजारच्या बाईंनी सांगितलं, साठी ओलांडली पण मोर्चात पहिल्यांदाच आले. मीही पहिल्यांदाच. कुणीतरी ‘नॉट इन माय नेम’चा फलक हातात दिला, तो शेवटपर्यंत धरला.

पोलीस म्हणतात साडेसात लाख, संयोजक वीस लाखांपर्यंत नेतात. रोममध्ये याहून जास्त होते म्हणे.

तिकडं ग्लासगोत पंतप्रधान ब्लेअर यांचं भाषण झालं, ते आत्ता बातम्यांत ऐकलं. ते म्हणाले, मोर्चात पाच लाख लोक असले तरी इराकच्या सद्दामनं मारलेल्यांपेक्षा ते कमीच. दहा लाख असले तरी त्यानं सुरू केलेल्या युद्धांत मेलेल्यांपेक्षा कमीच. ऐकून राग आला. मेलेल्यांना एका पारड्यात आणि आम्हाला दुसऱ्यात घालून हा कसला हिशोब? पण रागाखाली दुसरंही काहीतरी होतं, आणि ते गुरुवारपासून आहे.

आमच्या लॅबमध्ये एक कुर्द सहकारी आहे, मूळचा इराकमधल्या सुलेमानियाचा. मोर्चाला जाणार म्हणून त्याला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तो डबा खात होता. मान वर न करता म्हणाला, “जा ना. फक्त एवढं सांग, हलब्जाच्या वेळी या रस्त्यावरून कोण चाललं होतं?”

१६ मार्च १९८८. सद्दामच्या विमानांनी कुर्दांच्या हलब्जा गावावर विषारी वायूचे बॉम्ब टाकले, सुमारे पाच हजार माणसं मेली. घराच्या उंबऱ्यात, मूल कुशीत धरून. तेव्हा मी पुण्यात कॉलेजात होतो, रोज पेपर वाचत होतो. ही बातमी वाचल्याचं मला आठवत नाही. गुरुवारपासून डोकं खाजवतोय पण आठवत नाही.

सद्दाम जावा असं मलाही वाटतं. पण कालच सुरक्षा परिषदेत संयुक्त राष्ट्रांचे शस्त्रतपासणी प्रमुख ब्लिक्स यांनी सांगितलं की चारशेवर तपासण्या झाल्या, तीनशेहून जास्त ठिकाणं पाहिली आणि संहारक अस्त्रं अजून सापडलेली नाहीत. हिशोब न लागलेल्या गोष्टी आहेत हेही ते बोलले. मग तपासणाऱ्यांना आणखी वेळ द्यायला काय हरकत आहे? हे मी त्या मित्राला म्हणू शकतो. त्याच्या प्रश्नाचं ते उत्तर होत नाही, हेही मला कळतं.

घरी आल्यावर आईला साताऱ्याला फोन लावला होता. तिकडं मध्यरात्र होऊन गेलेली, तरी जागी होती.

“कुठं म्हणायचं रे हे युद्ध?”

“इराकला, आई.”

“म्हंजे बसऱ्यालाच की. आपलं माणूस गेलंय तिथं.”

माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं. पणजोबा पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या ११० व्या मराठा पलटणीत होते. सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर बसऱ्याहून तैग्रिसच्या कडेनं वर गेले आणि कूत गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकले. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापले. आपल्या लोकांनी बरेच दिवस ते मांस खाल्लं नाही. शेवटी तेरा हजारांच्या आसपास शरण गेले आणि त्यांना वाळवंटातून उत्तरेला चालवत नेलं. पणजोबा कुठं पडले ते कुणालाच ठाऊक नाही. आजोबा तेव्हा पाच वर्षांचे. गावात चावडीच्या भिंतीत दगडी पाटी आहे: या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके परत आले नाहीत. दोनच आकडे. नावं नाहीत. लहानपणी आम्ही त्या पाटीला स्टंप करून क्रिकेट खेळायचो.

त्या वेळीही लंडनहून कुणीतरी हुकूम दिलाच असेल. आणि आज त्याच लंडनात मी कर भरतो.

बुधवार, १९ मार्च

काल रात्री रेडिओ लावून बसलो होतो. सोमवारी मंत्री रॉबिन कुक यांनी युद्धाला विरोध म्हणून राजीनामा दिला तेव्हा थोडी आशा वाटली होती. पार्लमेंटात ४१२ विरुद्ध १४९. युद्धाला मंजुरी मिळाली.

आज लॅबमधला तो कुर्द मित्र खूश असेल असं वाटलं होतं. पण सकाळपासून फोन लावत होता. त्याची आई सुलेमानिया सोडून डोंगरातल्या खेड्यात गेलीय. सद्दाम जाताजाता पुन्हा वायू सोडेल ही भीती. खिडक्यांना प्लॅस्टिक ठोकलंय. “तो जायला हवा,” म्हणाला, “पण आई तिथं आहे.”

महिनाभरात त्यानं मोर्चाचं एकदाही विचारलं नव्हतं. आज विचारलं. मी मोर्चाचं थोडंच सांगितलं. कूतचं सांगितलं, चावडीवरच्या पाटीचं सांगितलं. हलब्जाची बातमी मला आठवत नाही हेही सांगून टाकलं.

तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानं पणजोबांचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्याला नीट म्हणता येईना, म्हणून कागदावर लिहून दिलं. ते बघत त्यानं दोनदा म्हणून पाहिलं, आडनावासकट.