‘हे तर आत्ताच विचारलं ना’: स्ट्रेसचे दहा प्रश्न मराठीत आणताना

एमएच्या डिझर्टेशनला मी पर्सिव्ह्ड स्ट्रेस स्केल, म्हणजे माणसाला स्वतःला किती ताण वाटतो ते मोजणारी प्रश्नावली, घेतली होती, कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, १९८३ ची. मूळ १४ प्रश्नांची आहे, मी १० वाली घेतली. वाटलं दहाच तर प्रश्न आहेत, एका संध्याकाळी मराठी होतील. झालेही! मैत्रिणीने आणि मी वेगवेगळं भाषांतर केलं, मग दोन्ही जुळवलं, मूळ न पाहिलेल्या एका मॅडमनी त्याचं परत इंग्रजी केलं आणि ते इतकं बरोबर आलं की मी एकदम खुश. पण आम्ही तिघी कॉलेजवाल्या, आमचं मराठी आधीच अर्धं इंग्रजी, ते जुळणारच होतं.

खरी परीक्षा अमळनेरजवळ आमच्या गावी, ओट्यावर. कापूस वेचून आलेली मावशी, बोटांना बोंडांचे ओरखडे, आणि मी विचारतेय ‘गेल्या महिन्यात किती वेळा ताणतणाव जाणवला?’ ती म्हणे, “आमले नही, ते नोकरीवालासले ऱ्हास.” शून्य मार्क. मग मी नुसतं ‘टेन्शन’ म्हटलं तर अर्धा तास बोलली, मजुरी, पोराची फी, कापसाचा भाव, सगळं. आणि ‘गेला महिना’ म्हणजे दिवाळीच्या आधीचा की नंतरचा हेही तिनेच विचारलं, तेव्हा कळलं की तारखेपेक्षा सणाची खूण दिलेली बरी.

सगळ्यात डोकं खाल्लं आठव्या प्रश्नाने. इंग्रजीत ‘ऑन टॉप ऑफ थिंग्ज’ आहे, आम्ही लिहिलं ‘सगळं आपल्या हातात आहे असं वाटलं’. मावशी लगेच, “हाई ते तू आत्तेच इचारं ना पोरी.” बरोबरच होतं तिचं, दुसऱ्या प्रश्नातही आम्ही ‘हातात नाही’ हेच वापरलेलं. तीनदा बदलून शेवटी ‘सगळं नीट निभावून नेतेय’ वर थांबलो.

माझा गाढवपणाही सांगते. चौथा, पाचवा, सातवा, आठवा हे प्रश्न चांगल्या बाजूने विचारलेले, त्यांचे मार्क उलटे मोजायचे, ० चे ४. मी विसरले. अल्फा, म्हणजे सगळे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा, निदान ०.७ हवा, तो बराच खाली आला तर रात्रभर भाषांतराला शिव्या घालत बसले, आणि चूक एक्सेलमध्ये!

दोन आठवड्यांनी परत तेच प्रश्न, त्याच बाया. मावशीचा स्कोअर धाडकन खाली. गाईडला वाटलं प्रश्नावली डगमगतेय, पण मधल्या काळात तिचा कापूस विकला गेला होता आणि पैसे हातात आले होते ना. मूळ पेपरमध्येही दोन्ही वेळच्या स्कोअरची जुळणी (पूर्ण जुळलं तर १) दोन दिवसांनी ०.८५ होती आणि सहा आठवड्यांनी ०.५५ वर आलेली, ते दाखवल्यावर गाईड गप्प बसले. पुढच्या वेळी रिटेस्ट दोन-तीन दिवसांतच घेणार, आणि आधी विचारणार, कापूस विकायचाय की विकला.